अब्बांची वही

काल आमच्या नात्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, "जो नमाज पढत नाही तो चांगला माणूस असूच शकत नाही." खाली पटापट अंगठे पडले. मला रात्री झोप लागली नाही. ग्रुपवर वाद घालायचा नाही, म्हणून इथे लिहितेय.

माहीमला आमचं किराणा दुकान होतं. हजला जायच्या आधी अब्बांनी वही काढली. लोकांकडून येणं होतं ती नव्हे, स्वतःच्या देण्याची. एका नावापुढे १८० रुपये होते, शेंगदाण्याच्या पोत्याचे. ते व्यापारी वारले होते. अब्बा मला घेऊन लालबागला त्यांच्या मुलाकडे गेले. चाळीचा तिसरा मजला, अब्बांना दम लागलेला. मुलगा पैसे घेईना. "चाचा, एवढ्यासाठी आलात?" अब्बा म्हणाले, "नमाज चुकली तर अल्लाहकडे माफी मागेन. तुझ्या वडिलांचं राहिलंय ते तूच माफ करायचं, बाळा. ते अल्लाह परस्पर माफ करत नाही."

अब्बा सातवी शिकलेले, पण हे त्यांच्या मनचं नव्हतं. हुकूकुल्लाह म्हणजे अल्लाहचा हक्क, हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचा. हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, तर सांगते की शहीदाचं सगळं माफ होतं, कर्ज सोडून! आणि कुरआनातली सूरह (अध्याय) माऊन, अवघ्या सात आयतींची (वचनांची), आमच्यात लहान पोरांनाही पाठ असते. दीन, म्हणजे धर्म, नाकारणारा कोण, असं ती विचारते आणि लगेच सांगते: जो अनाथाला धक्के मारून हाकलतो तो. पुढे नमाजींनाच इशारा आहे, जे दिखाव्यासाठी पढतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही देत नाहीत. ग्रुपवरच्या किती जणांनी तिचा अर्थ वाचलाय?

चांगलं हे अल्लाहने सांगितलं म्हणून चांगलं, की चांगलं आहे म्हणून अल्लाहने सांगितलं? हा प्रश्न कुणी बाहेरून आणलेला नाही. बसऱ्यात आठव्या शतकात उभे राहिलेले मुअतझिला, म्हणजे मुस्लिम विचारवंतांचा एक गट, म्हणत, न्याय-अन्याय अकलेला कळतो. त्यांच्यातच वाढलेले अबुल हसन अशअरी (निधन ९३६) त्यांना सोडून निघाले आणि म्हणाले, अल्लाहचा हुकूम हाच निकष. समरकंदचे मातुरीदी (निधन ९४४) मधल्या वाटेने गेले: बरंवाईट अकलेला बरंचसं ओळखता येतं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आमची परंपरा अशअरींची. शेजारचे यूपीवाले हनफी पंथाचे, त्यांची मातुरीदींची. म्हणजे एकाच गल्लीत दोन उत्तरं नांदतात, आणि कुणी कुणाला काफर म्हणत नाही.

अशअरींची भीती मला समजते. माणसाची अक्कल स्वार्थाकडे झुकते, हे मुंबईत राहून कोण नाकारेल? तरी माझं मन मातुरीदींकडे जातं. कुरआन चांगल्यासाठी 'मारूफ' हा शब्द वापरतं, म्हणजे ओळखीचं. ज्याची ओळखच नाही ते मारूफ कसं होईल? लालबागच्या त्या मुलाने कधी नमाज पढली नव्हती. त्याने अब्बांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि शेवटी त्यांच्या समाधानासाठी पैसे घेतले. त्याला चांगलं म्हणायला मी कुणाची परवानगी मागायची?

वही आता माझ्याकडे आहे. सगळ्या नावांवर काट आहे, एक सोडून. त्या माणसाचा पत्ता लागला नाही, म्हणून अब्बांनी तेवढी रक्कम त्याच्या नावाने सदका, म्हणजे दान, म्हणून दिली. पण नाव खोडलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तो भेटला तर त्याला विचारायचंय."