टीसीएलमध्ये ॲसिड ओतू नका

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी मावशीच्या घरात कमरेएवढं चढलं होतं. परंडा तालुक्यातलं गाव, जुनं माळवदाचं घर. गाळ उपसला, भांडी घासली, भिंती मात्र ओल सोडेनात. दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन आला. "येताना फरशीचं ॲसिड आण रे दोन बाटल्या. टीसीएल हाय घरात."

कशाला, म्हणून विचारलं तर तिनं गावच्या ग्रुपवरचा मेसेज पाठवला. वर ठळक 'पूरग्रस्तांनो सावधान!' भिंतीवरचा काळा डाग म्हणजे म्युकरमायकोसिस, पांढरा असेल तर धोका नाही, टीसीएल पावडरमध्ये ॲसिड घालून दारं-खिडक्या बंद करून ठेवा, कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा, वरून ऑइल पेंट मारा, वास गेला की बुरशी गेली. खाली 'जनहितार्थ'.

तिसरा मुद्दा आधी घेतो. बाकीचे चुकीचे आहेत, हा जीव घेईल. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यावर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, तोच जो पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत खंदकांतल्या सैनिकांवर सोडला होता. हवेपेक्षा जड असल्यानं तो जमिनीलगत साचतो, आणि आपल्याकडं लेकरं झोपतात ती जमिनीवरच. त्यात खोली बंद ठेवायची म्हणे! संडास धुवायच्या लिक्विडमध्येही बहुधा ॲसिडच असतं, तेही टीसीएलसोबत नको. मावशीला फोनवर तीनदा सांगितलं, तरी "सगळ्यांनी पाठवलंय रं" हेच पालुपद.

आता काळा डाग. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचं 'ब्लॅक फंगस' हे नाव पसरलं ते या रोगानं पेशी मरून काळ्या पडतात म्हणून. भिंतीवर काळ्या दिसणाऱ्या बुरशा वेगळ्याच असतात, आणि डागाच्या रंगावरून ती कोणती, किती वाईट, हे घरबसल्या कुणालाच सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत रंगावर भर नाहीच. ओल धरलेल्या, बुरशी आलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, धाप, श्वसनाचे संसर्ग आणि दमा बळावणं यांचा धोका वाढतो, म्हणून ओल हटवा, एवढं सरळ त्यात आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल, नाइलाजानं. म्युकरमायकोसिसचा धोका काहींना खरोखरच जास्त असतो. साखर आटोक्यात नसलेल्या किंवा स्टेरॉइड चालू असलेल्या माणसानं बुरशीच्या खोलीत झाडझूड करू नये. मेसेजनं भीती घातली, पण नेमकं हेच लिहिलं नाही.

पांढऱ्याचं म्हणाल तर ते दोन प्रकारचं असतं. लोणा असेल तर बोटांत भुगा होतो, पाण्याचा थेंब टाकला की विरघळतो. तो क्षार आहे. कापसासारखं, केसाळ, पाण्यानं न विरघळणारं असेल तर ती बुरशीच. आणि लोणा निघाला तरी निर्धास्त होऊ नका. भिंतीत अजून पाणी खेळतंय, असा त्याचा अर्थ.

पेंटचं तर बोलूच नये. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट मारला की पोपडे येतात, आत सगळं तसंच. पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तरी तीच गत, ओल आतच कोंडते. धुरानं वास झाकला जातो, बस. आणि वास नाही म्हणून बुरशी नाही, असंही नसतं.

ओल आहे की नाही हे बघायचं तर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर रंग-गिलावा थांबवा. फरशी, पत्रा, लोखंडी कपाट साबणाच्या पाण्यानं घासून पुसायचं, नाकाला मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून. बुरशी धरलेली कापसाची गादी टाकून द्यायची, कितीही जीव तुटला तरी.

मी ॲसिड नेलं नाही. दोन ब्रश आणि मास्क नेले. मधल्या खोलीतलं लाकडी कपाट भिंतीपासून ओढलं, तर मागची फळी फुगलेली आणि भिंतीवर हातभर राखाडी-हिरवा थर.

मावशी वाकून बघत म्हणाली, "पर हिरव्याचं त्यात कायच लिव्हलं नव्हतं की रं."