काच पुसायला आईचा पदर लागला

हात अजून थरथरतोय, तरी लिहितेय.

आज सकाळी आईला घेऊन कराडहून चिपळूणला निघाले. कुंभार्ली घाटात धो धो पाऊस. एका वळणावर समोरून एसटी येताना दिसली आणि नेमकी तेव्हाच काच आतून धुरकटली. बघता बघता पांढरी! या नव्या गाडीत काचेवर हवा सोडायला बटणच नाही. आधी स्क्रीनवर एसीचं चित्र दाबा, मग पुढच्या पानावर काचेचं चित्र शोधा. मी बोट नेलं आणि कुठल्याशा लोनवाल्याचा फोन आला. अख्ख्या स्क्रीनभर त्याचा नंबर, एसी गायब. आई बेल्ट ताणून पुढे वाकली आणि पदराने माझ्यासमोरची काच पुसली. एसटी हातभर अंतरावरून गेली.

बाबांच्या जुन्या गाडीत एक गोल नॉब होता, वरचा रंग उडालेला. बाबा बोलता बोलता डाव्या हाताने तो फिरवायचे. रस्त्यावरून नजर कधी हलली नाही त्यांची.

ताशी ४० नेही गाडी २ सेकंदांत २२ मीटर जाते. घाटात २२ मीटरमध्ये वळण संपतं हो! अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय की गाडीतलं कुठलंही काम असो, एका वेळी २ सेकंदांच्या वर नजर रस्त्यावरून हटता कामा नये. मग ही पानांमागे पानं कोणी काढली? एसी रूममध्ये बसून काढली असणार. पावसाळ्यात घाट चढला असता ना, तर पहिलं बटण काचेचंच दिलं असतं.

नकाशा आणि मागचा कॅमेरा उपयोगी आहेत, मान्य. पण नकाशा घाटात शिरण्याआधीच लावून ठेवता येतो. काच काही आधी सांगून धुरकटत नाही.

शोरूमच्या मुलाला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, व्हॉइस कमांड आहे ना." अरे बाबा, टपावर पाऊस ताशासारखा वाजतोय, शेजारी आई रामरक्षा म्हणतेय, त्यात मी गाडीशी गप्पा मारू? खूप बोलले त्याला. आता वाईट वाटतंय, त्याने थोडीच गाडी बनवलीय.

युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांना खरीखुरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलंय. आपल्याकडेही हे हवं, आणि यादीत काचेची हवा सगळ्यात वर. गाडी चालू असताना येणारे फोन स्क्रीनवर पसरताच कामा नयेत. कोपऱ्यात छोटी खूण पुरे. उचलायचा की नाही ते मी गाडी थांबवल्यावर बघेन.

पोफळीला चहाला थांबलो. आई ओला पदर पिळत एवढंच म्हणाली, "ह्यांच्या गाडीत असं कधी झालं नव्हतं गं." काचेवर पदराचे फराटे अजून तसेच आहेत. पुसावेसे वाटत नाहीयेत.