लंडनमध्ये दिवसा ट्रकबंदी? जरा थांबा

तो मेसेज परत फिरतोय, "लंडनमध्ये दिवसा ट्रकला पूर्ण बंदी, माल फक्त रात्री येतो, म्हणून तिकडे ट्रॅफिक नाही, पुण्यातपण हेच करा." अहो, पहिली गोष्ट म्हणजे लंडनमध्ये भरपूर ट्रॅफिक असतं. आणि नियम बरोब्बर उलटा आहे!

तिकडे १९८५ पासून लंडन लॉरी कंट्रोल स्कीम आहे. १८ टनाच्या वरच्या लॉरींना सोमवार ते शुक्रवार रात्री ९ ते सकाळी ७ आणि शनिवारी दुपारी १ पासून सोमवार सकाळी ७ पर्यंत बहुतेक रस्त्यांवर निर्बंध आहेत, कारण काय तर लोकांची झोप. तेही पूर्ण बंदी नाहीच, काही ठराविक मोठे रस्ते मोकळे असतात आणि बाकी ठिकाणी परमिट काढून जाता येतं, फक्त रूट असा निवडायचा की निर्बंध असलेल्या रस्त्यांवर कमीत कमी जावं लागेल. छोटे टेम्पो, डिलिव्हरी व्हॅन यात येतच नाहीत.

दिवसा ट्रक चालतात, पण सेंट्रल लंडनमध्ये ठरलेल्या वेळेत कंजेशन चार्ज, म्हणजे गर्दीच्या भागात गाडी आणायची फी, भरावा लागतो (२००३ पासून), आणि १२ टनावरच्या गाडीला ड्रायव्हरला केबिनमधून आजूबाजूचं किती दिसतं यावर परमिट मिळतं, सायकलवाले, पायी चालणारे चाकाखाली येऊ नयेत म्हणून. हे मात्र आपल्याकडे यायला हवं असं मला वाटतं.

हां, २०१२ च्या ऑलिम्पिकच्या वेळी रात्री माल उतरवायला प्रोत्साहन दिलेलं, पण आवाज न करता कसं उतरवायचं याची नियमावली सोबत होती. बहुतेक तेवढंच कोणीतरी उचललं आणि केलं फॉरवर्ड.