‘चार तारा, एक लायब्ररी, पाच मिनिटं’: छोट्या ओएलईडीबद्दलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे दिवस आले की आर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डांना जोडायच्या ओएलईडी पडद्यांबद्दल एक सल्ला हमखास फिरायला लागतो. मजकूर थोडाफार असा: “छोटे ओएलईडी सगळे सारखेच. चार तारा जोडा, पत्ता ३सी टाका, लायब्ररी घ्या, पाच मिनिटांत चालू. सुरुवातीच्या कमांडची यादी कुठूनही कॉपी करा, तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. स्कॅनरला सापडला नाही किंवा पडद्यावर कचरा दिसला तर मॉड्यूल डुप्लिकेट आहे, फेकून द्या.”

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी टेबलावर एकदा खरं ठरलेलं असतं, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. पण तो देणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट येत नाही. आपल्यापुढे कोणती काच बसवली आहे, हे पडदा चालवणाऱ्या कंट्रोलर चिपला कळण्याचा काहीही मार्ग नसतो. ते तिला कमांडच्या त्या यादीतूनच सांगावं लागतं. म्हणजे ज्यात बघण्यासारखं काही नाही म्हणतात, खरा मामला तिथेच आहे. आता एकेक वाक्य घेऊ. (कमांड, त्यांच्या किमती आणि पत्ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत दिले आहेत, बाकी आकडे नेहमीचे. ‘लायब्ररी’ म्हणजे तयार कोड, ‘स्कॅनर’ म्हणजे एकेका पत्त्यावर हाक मारून कोण उत्तर देतं ते बघणारा छोटा प्रोग्राम.)

“सगळे सारखेच.”

दिसायला, हो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ओएलईडी मागितला की पिशवीतून निघतं छोटं पीसीबी, चार पिना आणि वर काळी काच. चिप काचेलाच चिकटवलेली असते, तिच्यावर नाव वाचता येत नाही. आत काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक असेलच असं नाही. ०.९६ इंचीत बहुधा सोलोमन सिस्टेकची एसएसडी१३०६ असते, १.३ इंचीत बहुधा सिनो वेल्थची एसएच११०६, आणि २.४२ इंचीत बऱ्याचदा एसएसडी१३०९. या ‘बहुधा’वरच सगळं घोडं अडतं.

एसएसडी१३०६ची रॅम (चित्र साठवायची मेमरी) १२८ स्तंभ आणि ६४ ओळींची, म्हणजे १०२४ बाइटची. ती आठ पानांत विभागलेली असते. एका पानात आठ ओळी, आणि एक बाइट म्हणजे एका स्तंभातले एकाखाली एक आठ ठिपके. एसएच११०६ची रॅम मात्र १३२ स्तंभांची असते. तिच्यापुढे १२८ स्तंभांची काच लावली की दोन्ही बाजूंचे दोन-दोन स्तंभ काचेबाहेर पडतात. एसएसडी१३०६चा कोड तिच्यावर चालवला की चित्र दोन ठिपके सरकतं आणि कडेला विस्कळीत ठिपक्यांची उभी पट्टी उरते. ती पट्टी म्हणजे त्या स्तंभांत कुणी काही लिहिलंच नाही, म्हणून वीज येताना रॅममध्ये जे होतं ते.

याहून मोठा फरक लिहिण्याच्या पद्धतीत आहे. एसएसडी१३०६ला २०, ०० अशी जोडी पाठवली की ती आडव्या पद्धतीत जाते. मग १०२४ बाइट सलग ओता, पान संपलं की पुढच्या पानावर ती आपणहून जाते. एसएच११०६मध्ये ही सोय नाही. तिथे प्रत्येक पानासाठी बी० ते बी७ यांपैकी एक कमांड देऊन स्तंभ पुन्हा ठरवावा लागतो. शिवाय एसएसडी१३०६ची लायब्ररी स्तंभांची मर्यादा सांगायला २१, ००, ७एफ पाठवते. एसएच११०६च्या यादीत २१ नाहीच, पण ४० ते ७एफ ही ‘चित्र कोणत्या ओळीपासून दाखवायचं’ यासाठीची कमांड आहे. त्यामुळे तो शेवटचा ७एफ तिला ‘६३व्या ओळीपासून सुरू कर’ असा ऐकू जाऊ शकतो. मग चित्र ओळभर सरकलं की आपण शिव्या घालतो मॉड्यूलला.

“पत्ता ३सी.”

किंवा ३डी. (पत्ता म्हणजे त्याच तारांवरच्या चिपांमधून या चिपला हाक मारायचा क्रमांक.) एसएसडी१३०६च्या पत्त्यातला एक बिट बाहेरच्या पिनेवरून ठरतो, म्हणून दोन्ही शक्य आहेत. अॅडाफ्रूट या कंपनीच्या लायब्ररीतल्या १२८×६४च्या उदाहरणात तर ३डीच लिहिलेलं असतं, कारण त्यांच्या स्वतःच्या बोर्डावर तो पत्ता आहे. बाजारातल्या स्वस्त मॉड्यूलच्या पाठीवर मात्र ७८ आणि ७ए छापलेलं दिसतं. ते चूक नाही. तोच पत्ता एक घर डावीकडे सरकवून, लिहिण्या-वाचण्याच्या बिटासकट मोजला की ३सीचा ७८ होतो. आर्डुइनोच्या वायर लायब्ररीला सात बिटांचा पत्ता लागतो, तिथे ३सी. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या हॅल लायब्ररीतल्या फंक्शनला सरकवलेला लागतो, तिथे ७८. एकाचा कोड दुसऱ्यात चिकटवताना हे विसरलं की पडदा काळा.

“स्कॅनरला सापडला नाही म्हणजे मेला.”

एसएसडी१३०६मध्ये आय-टू-सीची (चिपशी दोन तारांवरून बोलण्याची पद्धत) डेटा लाइन दोन पिनांवर वाटलेली आहे: येणारा डेटा डी१वर, आणि ‘पोचलं’ ही पावती डी२वरून. दोन्ही पिना एकत्र जोडायच्या असतात. पण डी२ मोकळी सोडली तरी चिप डेटा घेते, फक्त पावती देत नाही, आणि हे डेटाशीटमध्येच (चिपच्या माहितीपत्रकात) सांगितलेलं आहे. रेझिस्टर हलवून एसपीआयवरून (जास्त तारांची दुसरी पद्धत) आय-टू-सीवर आणलेल्या सात पिनांच्या मॉड्यूलमध्ये असं घडू शकतं. स्कॅनर पावतीवरच चालतो, त्यामुळे त्याच्या लेखी पत्त्यावर कुणी नाही. पण पावतीची वाट न बघता पाठवत राहिलात तर पडदा व्यवस्थित चालतो.

उलटही खरं. स्कॅनरला ३सी दिसला एवढ्यावर पडदा ठीक आहे असं ठरत नाही, कारण पावती देणाऱ्या भागाचा काच पेटवणाऱ्या व्होल्टेजशी संबंध नाही. आणि अॅडाफ्रूटच्या लायब्ररीतलं पडदा सुरू करणारं बिगिन फंक्शन ‘जमलं’ म्हणालं तर त्याचा अर्थ बफरपुरती (बोर्डाच्या मेमरीत चित्र तयार करायच्या जागेपुरती) मेमरी मिळाली, इतकाच. पडदा जोडलेला नसला तरी ते ‘जमलं’च म्हणतं.

“यादी कुठूनही कॉपी करा.”

यावर जरा थांबू, कारण बहुतेक रडगाणी इथलीच असतात.

ओएलईडीच्या काचेला सात व्होल्टच्या वर दाब लागतो, आणि आपण देतो ३.३. मधली उडी मारायला एसएसडी१३०६च्या आत चार्ज पंप आहे. रिसेटनंतर तो बंद असतो. ८डी, १४ ही जोडी पाठवून तो चालू करायचा आणि मग एएफने पडदा. ही जोडी राहिली तर रॅममध्ये अक्षरं बरोबर लिहिली जातात, पावत्या येतात, तारांवरचे सिग्नल दाखवणाऱ्या लॉजिक अॅनालायझरवर सगळं देखणं दिसतं आणि काच काळीच राहते. एसएच११०६मध्ये हेच काम एडी, ८बी करते. एसएसडी१३०९मध्ये आतला पंपच नाही, बाहेरून दाब द्यावा लागतो. आता ‘कुठूनही’ कॉपी केलेल्या यादीत यातलं काय आलं असेल, हे नशिबावर.

मग काचेची उंची. ए८ ही कमांड किती ओळी चालवायच्या ते सांगते: ६४ ओळींना ३एफ, ३२ ओळींना १एफ. तिच्याइतकीच महत्त्वाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित कमांड म्हणजे डीए. चिपच्या दोन बाजूंनी ३२-३२ तारा काचेत जातात. काही काचांमध्ये एका बाजूच्या तारा सलग ओळींना जोडलेल्या असतात, काहींमध्ये एक ओळ या बाजूची, पुढची त्या बाजूची. नेहमीच्या १२८×६४ काचेला एकाआड एकची जोडणी, म्हणून डीए, १२. नेहमीच्या १२८×३२ला सलग, म्हणून डीए, ०२. ही किंमत चुकली की एकाआड एक ओळी कोऱ्या दिसतात, मजकूर उभा ताणला जातो किंवा अर्धा गायब होतो. मॉड्यूल बिघडलेलं नसतं. शिंप्यानं दुसऱ्याच्याच मापानं कपडा बेतला आहे, इतकंच.

आडवा-उभा उलटेपणा आणखी वेगळा. बहुतेक मॉड्यूलवर ए१ आणि सी८ दोन्ही पाठवल्यावर चित्र सुलट दिसतं, दोन्ही वगळल्यास उलटं, आणि एकच पाठवली तर आरशातलं. यात एक खोच आहे जी माझ्या मते डेटाशीट न वाचता कुणाला सुचणार नाही. सी८चा परिणाम लगेच दिसतो, पण ए१ फक्त त्यानंतर लिहिलेल्या डेटाला लागू होते, रॅममधलं जुनं चित्र तसंच राहतं. पडदा चालू असताना दिशा बदलणाऱ्याला म्हणून अर्धवट फिरलेलं चित्र मिळतं. उपाय सोपा: दिशा बदलली की पूर्ण चित्र पुन्हा लिहा.

आणि ही यादी निरर्थक असती तर लिनक्स कर्नलमध्ये तिच्यासाठी एवढी खटपट कुणी केली नसती. २०२२मध्ये ५.१८ आवृत्तीत आलेल्या एसएसडी१३०एक्स ड्रायव्हरला डिव्हाइस ट्रीमधून (जोडलेल्या हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलमधून) काचेची रुंदी, उंची, ओळींच्या जोडणीची पद्धत, स्कॅनची दिशा, प्रीचार्जचे (ठिपका पेटण्याआधी त्याला भारण्याचे) दोन काळ असं वेगवेगळं सांगता येतं. पान कुठून सुरू होतं ते सांगितलं नाही तर ड्रायव्हर ते १ धरतो, ० नव्हे. रास्पबेरी पायवर चित्र आठ ओळी सरकलेलं दिसलं तर आधी तिथे बघा.

“कचरा दिसला म्हणजे डुप्लिकेट.”

कचरा दिसणं ही खरं तर आनंदाची बातमी. वीज आल्यावर रॅममध्ये काहीबाही असतं. ते ठिपक्यांच्या रूपात दिसलं याचा अर्थ तारा बरोबर, पत्ता बरोबर, पंप चालू आणि काच जिवंत. फक्त त्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही.

याचाच वापर तपासणीसाठी करता येतो. लायब्ररी बाजूला ठेवा. वीज दिल्यावर शंभरेक मिलिसेकंद थांबा, कारण चार पिनांच्या मॉड्यूलवर रिसेटची पिन बाहेर आणलेली नसते. ते काम बोर्डावरचा रेझिस्टर-कपॅसिटर करतो आणि त्याआधी पाठवलेल्या कमांड वाया जातात. मग नियंत्रण बाइट ०० (पुढे कमांड आहेत असं सांगणारा) आणि त्यामागे फक्त ८डी, १४, एएफ. एसएसडी१३०६च्या रिसेटनंतरच्या बाकीच्या किमती १२८×६४ काचेला पुरतात, म्हणून एवढ्यावर कचरा दिसायला हवा. त्यानंतर ए५ पाठवा. रॅममध्ये काहीही असो, सगळे ठिपके पेटतात. ए४ने पुन्हा रॅमवर या. ए५ला काच पेटली तर दोष तुमच्या चित्र लिहिण्यात शोधा. नाही पेटली तर आधी पंप आणि पुरवठा बघा, मग काच.

एसएच११०६ला ‘डुप्लिकेट’ म्हणणंही अन्यायाचंच. ती वेगळ्या कंपनीची, स्वतःचं डेटाशीट असलेली चिप आहे. दुकानातल्या चिठ्ठीवर एसएसडी१३०६ लिहिलं असेल तर खोटी ती चिठ्ठी. यू८जी२सारख्या लायब्ररीत योग्य नावाची ओळ निवडली की तेच मॉड्यूल निमूट चालतं.

पिवळ्या-निळ्या पडद्याबद्दलही हीच ओरड ऐकू येते: “वरच्या ओळीचा रंग बदलतच नाही.” बदलणार नाही. वरच्या १६ ओळी पिवळ्या आणि खालच्या ४८ निळ्या अशी काचच बनवलेली आहे, कंट्रोलरच्या लेखी रंग अशी गोष्टच नाही.

“लायब्ररी सगळं सांभाळते.”

कमांड सांभाळते, मेमरी नाही. आर्डुइनो उनोवर एकूण २०४८ बाइट रॅम, त्यातले १०२४ या चित्राच्या बफरला. अॅडाफ्रूटची लायब्ररी तो बफर कोड चालू झाल्यावर मागते, त्यामुळे कंपाइल झाल्यावर दिसणाऱ्या हिशोबात तो नसतो. आकडा बघून निर्धास्त झालेला माणूस त्यात एसडी कार्डाची लायब्ररी घालतो, तिचे ५१२ बाइट वेगळे, आणि मग पडदा ‘कधी चालतो, कधी नाही’. यू८जी२ची पानागणिक चित्र काढण्याची पद्धत १२८ बाइटमध्ये भागवते, बदल्यात तेच चित्र आठ वेळा काढावं लागतं. उनोवर मी तीच निवडेन. भरपूर रॅम असलेल्या ईएसपी३२ बोर्डावर हा प्रश्नच नाही.

वेगाचंही तसंच. आय-टू-सीवर एका बाइटला पावतीसकट घड्याळाचे नऊ ठोके. १०० किलोहर्ट्झवर १०२४ बाइट म्हणजे नुसते ९२ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम दहा चित्रं. चिप ४०० किलोहर्ट्झ घेते, तेव्हा २३ मिलिसेकंद. आधी घड्याळ वाढवा, मग एसपीआयचा विचार करा.

“फेकून द्या.”

खरोखर गेलेले पडदेही असतात. पण त्यांतले बरेच आपल्याच हातून जातात, आणि त्याचं कारण ‘सगळे सारखेच’मध्येच आहे. काही मॉड्यूलवर पिनांचा क्रम जीएनडी (ग्राउंड), व्हीसीसी (पुरवठा), एससीएल (घड्याळ), एसडीए (डेटा) असा असतो, तर काहींवर पहिल्या दोन पिना अदलाबदल केलेल्या. जुनं मॉड्यूल उपसून त्याच जागी नवं खोचलं की पुरवठा उलटा बसतो. खोचण्याआधी पिनांवरची अक्षरं वाचायला लागतात दोन सेकंद.

चालू झालेला पडदाही हळूहळू जातो. ओएलईडीचे ठिपके जळतात तसे मंद होत जातात, त्यामुळे महिनोन्महिने एकाच जागी असलेलं तापमानाचं चिन्ह नंतर भुतासारखं दिसत राहतं. ८१ने कॉन्ट्रास्ट कमी करा, रिसेटनंतर तो ७एफ असतो आणि घरात त्याहून कमी चालतो. कुणी बघत नसेल तेव्हा एई पाठवून पडदा बंद करा. वीज आहे तोवर रॅममधलं चित्र तसंच राहतं, एएफ पाठवला की पुन्हा काही न लिहिता समोर येतं.