नानावटी खटल्याने ज्यूरी बंद पडली? फिरत्या गोष्टीला उत्तर

‘नौदलाच्या अधिकाऱ्याने बायकोला प्रियकरासोबत रंगेहाथ पकडलं, रागाच्या भरात गोळ्या झाडल्या, ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं आणि म्हणूनच सरकारने ज्यूरी पद्धत बंद करून टाकली. तो भारतातला शेवटचा ज्यूरी खटला.’ कमांडर कावस नानावटी यांच्याबद्दलचा हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. (ज्यूरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष याचा कौल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ.) निनावी फॉरवर्ड म्हणून मी तो सोडूनही दिला असता. पण जुन्या गुन्ह्यांवर सत्यकथा आणि रहस्यकथा लिहिणारी मंडळीही तो जसाच्या तसा उचलतात आणि वर ‘सत्य घटनेवर आधारित’ असा शिक्का मारतात. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

आधी ‘रंगेहाथ’. असं काही घडलंच नाही. 27 एप्रिल 1959 रोजी दुपारी घरी जेवण झाल्यावर सिल्व्हियाने नवऱ्याच्या प्रश्नांना उत्तर देताना प्रेम आहुजाशी असलेले संबंध कबूल केले. त्यानंतर नानावटींनी बायको, मुलं आणि शेजारच्या एका मुलाला गाडीत घालून मेट्रो सिनेमाला सोडलं. सहाला न्यायला येतो म्हणाले. तिथून ते जहाजावर गेले, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली आणि रिव्हॉल्व्हर तपकिरी पाकिटात घातलं. आहुजाच्या कचेरीत गेले, तो तिथे नव्हता. मग नेपियन सी रोडजवळचा त्याचा फ्लॅट. रंगेहाथ पकडल्याचा प्रसंग लिहिणारा लेखक ही अख्खी दुपार फेकून देतो. एक माणूस पोरांना सिनेमाला सोडतो आणि तिथून शस्त्र आणायला जातो, याहून अंगावर येणारं प्रकरण कोणता कादंबरीकार रचणार आहे?

‘रागाच्या भरात’ हेही तपासून बघा. नानावटींचा मुख्य बचाव रागाचा नव्हताच. पाकीट ठेवलं, आहुजा त्या पाकिटावर झडप घालायला गेला, झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा मुद्दा, म्हणजे अचानक डिवचलं गेल्यामुळे भान सुटलं, हा त्याला जोडून मांडलेला दुसरा पर्याय. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही नाकारले. घरातून दीड वाजता निघालेला माणूस चार वीसला गोळ्या झाडतो, म्हणजे मधे जवळजवळ तीन तास गेले. तेवढ्या वेळात मन ताब्यात यायला पुरेशी सवड होती, असं न्यायालयाने म्हटलं.

आणि झटापटीचं काय? तिथे टॉवेल येतो. आहुजा नुकताच आंघोळ करून बाहेर आला होता, कमरेला फक्त टॉवेल. गोळ्यांच्या जखमा तीन: छातीवर गळ्याच्या हाडापाशी, डोक्याला आणि डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात. सगळा प्रकार मिनिटाच्या आत उरकला. बहीण मॅमी धावत आली तेव्हा तो बाथरूममध्ये पडलेला होता आणि टॉवेल जागच्या जागी होता. दोन धडधाकट पुरुषांची रिव्हॉल्व्हरसाठी खरंच ओढाताण झाली असती, तर टॉवेल सुटला नसता? पुराव्याचा एवढा साधा, घरगुती तुकडा हाताशी असताना लेखक पार्श्वभूमीला वीज कडाडवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथेच एक गोष्ट सत्यकथा लिहिणाऱ्यांनी फार गंभीरपणे घ्यायला हवी. सिल्व्हियाशी लग्न करशील का असं विचारल्यावर, ज्या ज्या बाईबरोबर झोपतो तिच्याशी लग्न करू का, असं आहुजा म्हणाला, हा संवाद प्रत्येक लेखात असतो. पण त्या वेळी खोलीत दोनच माणसं होती. एक मेला. उरलेला आरोपी, आणि हे वाक्य त्याच्या जबानीतलं आहे. ते जरूर छापा, पण ‘नानावटींच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द गाळू नका. मेलेल्या माणसाच्या तोंडी आरोपीने घातलेलं वाक्य घटना म्हणून छापणं हा त्या माणसावर दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे.

ज्यूरीने 8 विरुद्ध 1 असा ‘दोषी नाही’ कौल दिला हे खरं. पण सेशन्स जज्ज रतिलाल मेहता यांना तो पटला नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 307 खाली त्यांनी प्रकरण थेट उच्च न्यायालयाकडे पाठवलं. म्हणजे त्या कौलावर सुटकेचा हुकूम झालाच नाही. 11 मार्च 1960 रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मधल्या काळात राज्य बदललं, म्हणून अहवालांत आधी ‘मुंबई राज्य’ आणि नंतर ‘महाराष्ट्र राज्य’ असा प्रतिवादी दिसतो. ‘ज्यूरीने सोडलं’ एवढ्यावर थांबणारा लेखक खटल्याचा अर्धा भाग वाचकापासून लपवतो.

‘म्हणूनच ज्यूरी बंद झाली’ हा दावा तारखांपुढेच टिकत नाही. कायद्यांत बदल सुचवणाऱ्या विधी आयोगाने आपल्या 14व्या अहवालात ज्यूरी रद्द करण्याची शिफारस केली 1958 मध्ये, म्हणजे आहुजा जिवंत असताना. शिवाय ज्यूरी देशभर कधी नव्हतीच. राज्य सरकार ठरवेल त्या जिल्ह्यांत आणि ठरवेल त्या गुन्ह्यांपुरती ती असे. या खटल्याने ज्यूरीची बदनामी झाली, विरोधकांच्या हाती आयतं उदाहरण आलं, इथपर्यंत मान्य. त्यापुढे नाही.

‘शेवटचा खटला’ही नव्हे. बंगालमध्ये ज्यूरी त्यानंतरही बसत होत्या. फौजदारी कायद्यातून ज्यूरी गेली ती 1973 च्या नव्या संहितेने, जी 1 एप्रिल 1974 पासून लागू झाली. पारशी विवाह न्यायालयांत तर न्यायाधीशासोबत समाजाचे प्रतिनिधी आजही बसतात.

या प्रकरणावर नवं काही लिहायचं असेल, तर 11 मार्च 1960 हा एकच दिवस घ्या. उच्च न्यायालय जन्मठेप सुनावतं आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश ती शिक्षा स्थगित करून नानावटींना नौदलाच्या ताब्यात ठेवण्याचा हुकूम काढतात. अपील सर्वोच्च न्यायालयापुढे असताना राज्यपालांना असं करता येतं का, यावर घटनापीठ बसलं, आणि सप्टेंबर 1960 मध्ये उत्तर आलं: अपील तिथे सुरू असेपर्यंत नाही. पुढे 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. राजभवन, नौदल आणि न्यायालय यांच्यातली ही ओढाताण निकालपत्रांत पानोपानी पडून आहे.