उषाच्या आधी धावलेल्या मुली

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पी. टी. उषाच्या आधी भारतीय मुली ट्रॅकवर उतरल्याच नव्हत्या, ऑलिम्पिक तर दूरच. पदक एकही नव्हतं. आणि कुणी धावत असेलच तर ती हौस, वेळा सांगण्यासारख्या नव्हत्या. उषाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिला मोठं करायला आधीच्या मुलींना पुसून टाकायची काय गरज?

आधी ऑलिम्पिकचं बघू. 1952 साली हेलसिंकीत नीलिमा घोष आणि बांद्र्याची मेरी डिसूझा भारताकडून धावल्या. 1956 ला मेलबर्नमध्ये मेरी लीला राव होती. पुण्यात वाढलेली स्टेफी डिसूझा 1964 ला टोकियोत 400 मीटर धावली. उषाचा जन्मच 1964 चा.

पदकांचा दावा तर अगदीच टिकत नाही. 1951 च्या दिल्ली एशियाडमध्ये रोशन मिस्त्रीला 100 मीटरमध्ये रौप्य, मेरी डिसूझाला 200 मध्ये कांस्य. तीन वर्षांनी मनिलात क्रिस्टीन ब्राउन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा या चौघींनी 4 बाय 100 रिले 49.5 सेकंदांत जिंकली. सुवर्णपदक! 1970 ला बँकॉकमध्ये कमलजीत संधू 400 मीटरमध्ये पहिली आली, 1978 ला गीता झुत्शी 800 मीटरमध्ये. राष्ट्रीय स्पर्धांत मुलींच्या शर्यती होत होत्या, म्हणूनच हे संघ उभे राहिले.

आता वेळांचा मुद्दा. 55.42 सेकंद हा उषाचा लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधल्या 400 मीटर अडथळा शर्यतीतला आकडा पुढे ठेवून जुन्यांना हिणवलं जातं. पण महिलांची 400 मीटर अडथळा शर्यत ऑलिम्पिकमध्ये आलीच मुळी त्या 1984 साली. हेलसिंकीत महिलांसाठी धावण्याची सर्वांत लांब वैयक्तिक शर्यत होती 200 मीटरची. 1928 नंतर 800 मीटर काढून टाकली होती, ती परतली 1960 ला. 400 मीटर सुरू झाली 1964 ला, आणि स्टेफी तेव्हा तिथे होती. जी शर्यतच नव्हती तिच्यात मेरीने वेळ नोंदवायची कशी?

शिवाय ट्रॅक कोळशाच्या राखेचा. पावसानंतर तो जड व्हायचा, आणि आतल्या लेनमधली राख आधीच्या शर्यतींनी उकरलेली असायची. वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच लिहिली जायची. त्या हिशेबाने लॉस एंजेलिसमध्ये तिसऱ्या आलेल्या कोजोकारूचे 55.41 आणि उषाचे 55.42 हे दोन्ही कागदावर सारखेच दिसले असते. दोन काळांचे आकडे शेजारी ठेवून निकाल देणं अन्यायाचं आहे.

'हौस' या शब्दाचा मला खरंच राग येतो. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा मेरीच्या मित्रमंडळींनी कार्यक्रम करून ते उभे केले. स्टेफीला 1963 ला अर्जुन पुरस्कार मिळाला. दोघी भारताकडून हॉकीही खेळल्या. मेरीला ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो 2013 साली, हेलसिंकीनंतर तब्बल 61 वर्षांनी.

आणि 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये उषाला 100 आणि 200 मध्ये रौप्य मिळालं, तेव्हा 400 मीटर अडथळ्यांचं सुवर्ण एम. डी. वल्सम्माने जिंकलं होतं. पुढे उषाने जिच्यात नाव काढलं, तीच ही शर्यत.