आतडं, मॅनिटॉल आणि घोडबंदर रोड

पोट या विषयावर मत नसलेला माणूस ठाण्यात तरी मला भेटलेला नाही. मला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला सतत सूज येत राहते, असं सांगितलं की समोरचा लगेच "ओवा घे" म्हणतो. आमच्या लिफ्टमधल्या काकांनी तर तिसऱ्या ते सातव्या मजल्यादरम्यान निदान, औषध आणि पथ्य असं सगळंच उरकलं.

डॉक्टरांना तेवढ्यात जमलं नाही. माझं लहान आतडं शेवटाकडे एका जागी अरुंद झालेलं. सुजेमुळे झालं असेल तर औषधाने मोकळं होईल. जुन्या सुजेचे व्रण घट्ट होऊन आवळलं असेल, तर औषधांचे पैसे पाण्यात. मग फुग्याने ताणा नाहीतर कापा. दुखतं मात्र दोन्हींत सारखंच. म्हणून एमआर एन्टेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा एमआरआय.

नाव भारदस्त, पण सुरुवात दीड लिटर पाण्याने. उपाशीपोटी, तासाभरात, मॅनिटॉल नावाची साखरेसारखी पूड घातलेलं. आतडं फुगल्याशिवाय त्याची भिंत नीट दिसत नाही म्हणे. पहिला ग्लास "बरंय की" वाटतो. पुढे पुढे ती गोडसर चव घशाशी बसून राहते आणि सिस्टर "थोडंच राहिलंय, दादा" म्हणत जग भरून आणतात. शेजारी गुडघ्याच्या एमआरआयला आलेले आजोबा माझ्याकडे बघून घाबरले. "आपल्यालाही प्यायचंय का गं?"

मग आतड्याची हालचाल थांबवायचं इंजेक्शन. इतकी वर्षं भलत्या वेळी धावणाऱ्या आतड्याला शेवटी कुणीतरी 'स्टॅच्यू' म्हणालं. मशीनमध्ये खडखडाट आणि रेकॉर्ड केलेला आवाज: "साँस छोडिए... रोकिए." पोटात दीड लिटर असताना श्वासाबरोबर आणखी काय काय रोखावं लागतं, याची त्या बाईंना कल्पना नसावी. शिरेतून गॅडोलिनियमही गेलं, म्हणजे फोटोत भिंत उठून दिसावी म्हणून द्यायचं औषध. सुजलेल्या भिंतीत पाणी असतं, ती काही फोटोंत पांढरी चमकते. व्रण गॅडोलिनियम सावकाश घेतो, म्हणून काही मिनिटांनी पुन्हा फोटो.

मॅनिटॉल अंगात जवळपास मुरत नाही. जसं आलं तसं निघतं. इंजेक्शनचा असर उतरला तेव्हा आमची रिक्षा मानपाड्याला होती. संध्याकाळची वेळ, घोडबंदर रोड, पुढे एक कंटेनर आडवा.

"अहो, श्वास रोखा!" ही म्हणाली.

रिक्षावाल्याने आरशात माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता एका पेट्रोल पंपात रिक्षा घातली. माणूस देवासारखा भेटला. मीटर चालूच ठेवला, ते सोडा.

रिपोर्ट आला. "दोन्ही आहे," डॉक्टर म्हणाले. "सूज आहे, व्रणही आहे. बहुतेकांचं असं मिसळलेलंच असतं. आधी सूज उतरवू, मग उरेल त्याचं बघू."

मिसळलेलं म्हटल्यावर मला राहवेना. "मामलेदारची मिसळ चालेल?"

"तिखटाचं नंतर. उसळच त्या जागी अडकेल."

"मग नुसती तर्री?"

डॉक्टरांनी बेल दाबून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.